लिऑन अ‍ॅबीचे व्हायोलिन

गेल्या पावसाळ्यात आमच्या महाविद्यालयात युवा महोत्सवाची तयारी चालली होती. लोकवाद्यवृंदासाठी मुले गोळा करण्याचे काम माझ्याकडे होते. ढोल मिळाला, टिमकी मिळाली, झांजाही मिळाल्या. सनई वाजवणारा मात्र मिळेना. रत्नागिरीच्या खेड्यापाड्यांत खालूबाजा अजून वाजतो, पण त्यातले सनईवाले आता म्हातारे झाले आहेत. शेवटी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षातला एक मुलगा पुढे आला. सनई त्याच्या घरातच होती, माळ्यावर, फडक्यात गुंडाळलेली. दोन दिवसांनी त्याचे वडील मला भेटायला आले. ते रागावलेले नव्हते, दुखावलेले होते. म्हणाले, "सर, तुम्ही आपले म्हणून विचारतो. माझ्या बापानं जे टाकलं, ते तुम्ही माझ्या पोराच्या तोंडात परत देताय का?"

मी त्यांना चहा दिला आणि गप्प बसलो. कारण हा प्रश्न माझ्याही घरातला आहे. माझे पणजोबा सनई वाजवीत. आजोबा लहानपणी टिमकी आणि मिसरूड फुटल्यावर ढोल वाजवीत. शिमग्याला पालखी निघाली की पुढे आमची माणसे, वऱ्हाड निघाले की पुढे आमची माणसे. चालायचे पुढे, पण ओट्यावर चढायचे नाही. वाजवून झाले की खळ्याच्या कडेला बसायचे आणि वरून पडेल तो शिधा पदरात घ्यायचा. तिला बिदागी म्हणता येणार नाही. 'आज येत नाही' असे म्हणण्याची सोय ज्या कामात नसते ते काम म्हणजे वेठ. धर्मांतराने ती सोय केली. १९५७ च्या शिमग्याला आमच्या वाडीतला एकही माणूस वाजवायला गेला नाही. त्याची किंमत गावाने वसूल केली. मजुरी बंद झाली, गुरांची वाट बंद झाली, आणि आजोबांनी मुंबईची गिरणी गाठली. सनई माळ्यावर गेली ती गेलीच. पणजोबा त्यानंतर पंधरा-सोळा वर्षे जगले. त्यांनी तिला पुन्हा हात लावल्याचे आजोबांना आठवत नव्हते. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. सनई धरतात कशी, हेही मला ठाऊक नाही.

ते गृहस्थ निघून गेल्यावर मला लिऑन अ‍ॅबी आठवला. हे नाव आपल्या वाचकांच्या परिचयाचे असण्याचा फारसा संभव नाही. अमेरिकेतल्या काळ्यांशी आपले नाते जुने आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ साली आपल्या तरुणांनी संघटनेचे नावच त्यांच्याकडून घेतले. त्यांच्या कविता आपण वाचल्या, आत्मकथने वाचली, त्यांवर प्रबंध लिहिले. त्यांचे संगीत मात्र आपल्यापर्यंत पोचले नाही. जाझ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोठ्या हॉटेलातले दिवे आणि नाचणारे श्रीमंत येतात. ते चित्र अगदी खोटे नाही. पण त्या दिव्यांखाली उभा राहून वाजवणारा कोण होता आणि तो तिथे कसा पोचला, हे आपण विचारले नाही. अ‍ॅबी त्यांतलाच एक, आणि तो चक्क आपल्या मुंबईत येऊन गेलेला. शिवाय त्याचे वाद्य जाझमध्ये पाहुणे समजले जाणारे : व्हायोलिन.

ते पाहुणे का झाले, हे आधी सांगितले पाहिजे. कारण ते मुळात पाहुणे नव्हतेच.

गुलामगिरीच्या काळात अमेरिकेच्या दक्षिणेत मालकाच्या घरी नाच असला की फिडल वाजवायला गुलाम उभा असे. फिडल म्हणजे व्हायोलिनच. दरबारी अंगाने वाजवले की व्हायोलिन आणि नाचासाठी वाजवले की फिडल, एवढाच काय तो फरक. पळून गेलेल्या गुलामांना पकडून देण्यासाठी वर्तमानपत्रांत जाहिराती येत. त्यांत रंग, उंची, अंगावरचे वळ यांच्याबरोबर 'फिडल वाजवतो' ही खूणही दिलेली आढळते. सॉलोमन नॉर्थप हा न्यूयॉर्क राज्यातला स्वतंत्र काळा माणूस फिडल वाजवण्यात पटाईत होता. १८४१ साली वाजवण्याच्या कामाचे आमिष दाखवून त्याला पळवले आणि दक्षिणेत विकले. बारा वर्षे तो गुलामीत राहिला. त्या काळात त्याची फिडल मालकांच्या मेजवान्यांत वाजत राहिली. १८५३ साली सुटका झाल्यावर त्याने आपली कहाणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. हात मालकाचे, सूर मालकाचे, आणि नाचून दमल्यावर झोपायला जाणारेही मालकच. पालखीपुढे चालणाऱ्या माणसाला हे परके वाटणार नाही.

गुलामगिरी कायद्याने संपली आणि विसावे शतक उजाडता उजाडता न्यू ऑर्लिन्स शहरात जाझ घडू लागले. त्यात आफ्रिकेतून आलेल्या लयीची स्मृती होती, शेतावरच्या कामाची गाणी होती, चर्चमधली भजने होती, ब्लूजचे दुःख होते, आणि लष्करी बँडची पितळी वाद्येही होती. जाझचे मर्म सांगायचे तर ठोका जिथे पडेल असे कान धरून बसतो, तिथे तो पडत नाही. किंचित आधी पडतो किंवा थोडा उशिरा, आणि अंग आपोआप हलते. दुसरे असे की ओळखीची चाल घेऊन वादक ती त्या क्षणी पुन्हा घडवतो. आपल्याकडचा जुना सनईवाला एकाच गाण्याला दर वऱ्हाडापुढे वेगळे वळण देई, तसेच. फरक इतकाच की त्याच्या वळणाची नोंद कोणी ठेवली नाही.

न्यू ऑर्लिन्सच्या सुरुवातीच्या वाद्यवृंदांत व्हायोलिन होते, इतकेच नव्हे तर पुष्कळदा तेच पुढे होते. जॉन रोबिशो, आर्मांड पिरों हे तिथले नामवंत वाद्यवृंदप्रमुख व्हायोलिनवादकच. लिहिलेली स्वरलिपी वाचणारा माणूस बहुधा व्हायोलिनवाला असे. तो मूळ चाल सरळ वाजवी आणि बाकीचे तिच्याभोवती खेळत. पण पुढे दिवाणखाने गेले आणि शेकडो जोडपी एकाच वेळी नाचतील असे नृत्यगृह आले. ट्रंपेट, ट्रॉम्बोन आणि ढोल यांच्या कल्लोळात चार तारांचा आवाज पहिल्या रांगेपलीकडे जाईना. ध्वनिमुद्रणाचीही तीच गत. १९२५ पर्यंत ध्वनिमुद्रण मायक्रोफोनवर होत नसे. भल्यामोठ्या कर्ण्यापुढे उभे राहून वाजवायचे आणि आवाजाच्या जोराने सुई हलायची. पितळेचा आवाज सुई हलवी, व्हायोलिनचा हलवीना. लंडनच्या स्ट्रो नावाच्या गृहस्थाने यावर उपाय म्हणून लाकडी पेटी काढून तिच्या जागी पडदा आणि धातूचा कर्णा बसवलेले व्हायोलिन तयार केले होते. दिसायला विचित्र, आवाज नाकातला, पण सुईला ऐकू जाणारा. तरीही जाझच्या जगात व्हायोलिन मागे पडत गेले. जो उरला तो पुष्कळदा प्रमुख म्हणून उरला. हातातल्या गजाने इशारा करायचा, वादकांना आवरायचे, सोडायचे, आणि मध्येच स्वतः चार आवर्तने वाजवायची.

लिऑन अ‍ॅबी हा असा गजवाला प्रमुख. त्याचा जन्म ७ मे १९०० चा, उत्तरेकडच्या मिनिआपोलिस शहरातला. १९२० साली तो जे. रोझमंड जॉन्सन यांच्या वाद्यवृंदात दाखल झाला. हे जॉन्सन म्हणजे साधे नाव नव्हे. त्यांचे बंधू जेम्स वेल्डन जॉन्सन यांनी शब्द लिहिलेले आणि रोझमंड यांनी चाल दिलेले एक गीत अमेरिकेतले काळे लोक आपले राष्ट्रगीत मानतात. म्हणजे वाद्य हातात घेऊन माणूस ताठ उभा राहू शकतो, ही शिकवण अ‍ॅबीला पहिल्याच चाकरीत मिळाली असणार. १९२५ साली त्याने क्लारा स्मिथ या ब्लूज गायिकेच्या साथीला वाजवले आणि ते ध्वनिमुद्रित झाले. पुढच्याच वर्षी 'सॅव्हॉय बेअरकॅट्स' या वाद्यवृंदाचे प्रमुखपद त्याच्याकडे आले.

येथे थोडे थांबले पाहिजे. न्यूयॉर्कमधली हार्लेम ही काळ्यांची वस्ती. तिथे १२ मार्च १९२६ रोजी सॅव्हॉय बॉलरूम हे नृत्यगृह उघडले, आणि पहिल्या काही वाद्यवृंदांत हे बेअरकॅट्स होते. सॅव्हॉयची गोष्ट अशी की तिथे काळे आणि गोरे एकाच फरशीवर नाचत. त्याच हार्लेममध्ये 'कॉटन क्लब' नावाचे दुसरे ठिकाण होते. तिथे वाजवणारे काळे, नाचून दाखवणारे काळे, वाढणारे काळे. बसणारे मात्र गोरे. ड्यूक एलिंग्टन यांच्यासारखा असामान्य संगीतकार १९२७ च्या अखेरीपासून तिथे वाजवीत होता, पण त्याच्या आईबापांनी ऐकायला यायचे म्हटले असते तर दरवानाने विचार केला असता. वस्ती काळ्यांची, कला काळ्यांची, आणि दार गोऱ्यांचे. देऊळ आपल्या माणसांनी बांधायचे, वाजंत्री आपण वाजवायची आणि पायरीच्या वर मात्र जायचे नाही, हा हिशेब त्यांनाही पाठ होता. अशा काळात अ‍ॅबी सॅव्हॉयच्या मंचावर उभा होता, ही त्याची कमाई मी मोठी समजतो. बेअरकॅट्सच्या १९२६ च्या थोड्या ध्वनिमुद्रिका उपलब्ध आहेत. त्या ऐकताना व्हायोलिन शोधावे लागते; पितळी वाद्यांचा पूर मात्र लगेच ऐकू येतो.

१९२७ साली तो वाद्यवृंद घेऊन दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. त्यानंतर त्याने युरोप गाठले आणि जवळजवळ अकरा वर्षे तिथेच काढली. हा एकट्याचा निर्णय नव्हता. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढलेल्या काळ्या सैनिकांनी परत जाऊन सांगितले होते की तिकडे हॉटेलात जेवायला बसता येते. पॅरिसच्या माँमार्त्र भागात काळ्या वादकांची वसाहतच झाली. युरोप काही समतेचे माहेरघर नव्हते. तिथल्या नाचघरांत काळा माणूस 'रानटी' म्हणून आवडे, हेही एक प्रकारचे अस्पृश्यतेचेच रूप. पण मार खाण्याची धास्ती नव्हती आणि पैसे वेळेवर मिळत. अ‍ॅबीच्या या काळातल्या वाद्यवृंदात काही काळ एमिल ख्रिश्चन हा न्यू ऑर्लिन्सचा गोरा वादक होता. काळा प्रमुख आणि त्याच्या इशाऱ्यावर वाजवणारा गोरा नोकर! अमेरिकेच्या दक्षिणेत हे दृश्य नुसते कल्पनेत आणले असते तरी दंगल झाली असती.

मग मंदी आली. युरोपात परदेशी वादकांवर बंधने येऊ लागली. अशा वेळी मुंबईच्या ताजमहाल हॉटेलचे बोलावणे आले, आणि १९३५ च्या अखेरच्या हंगामात लिऑन अ‍ॅबी आपला वाद्यवृंद घेऊन मुंबईत उतरला. काळ्या अमेरिकन वादकांचा असा पुरा वाद्यवृंद मुंबईने त्याआधी पाहिला नव्हता. ट्रंपेटवर क्रिकेट स्मिथ होता. १९१३ साली जेम्स रीस युरोप यांच्या प्रसिद्ध वाद्यवृंदातून ध्वनिमुद्रण केलेला हा जुना जाणता माणूस. सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेटवर रूडी जॅक्सन होता, जो पूर्वी एलिंग्टनबरोबर वाजवीत असे. आणि मध्ये उभा, हनुवटीखाली व्हायोलिन धरून, अ‍ॅबी.

ताजच्या त्या नाचघरात कोण असे? इंग्रज अधिकारी, संस्थानिक, पारशी आणि इतर धनिक. आता त्याच वर्षाकडे आपल्या बाजूने पाहा. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली. त्याच वर्षी जूनपासून ते मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. मे १९३६ मध्ये मुंबई इलाखा महार परिषदेत त्यांनी धर्मांतराची मांडणी तपशीलवार केली. म्हणजे ताजमध्ये अ‍ॅबीचा गज चालत होता त्याच हिवाळ्यात नायगाव-परळच्या चाळींत आपली माणसे रात्र रात्र जागून 'आता पुढे काय' याची चर्चा करीत होती. त्यांत रत्नागिरीकडचे गिरणी कामगार पुष्कळ. दोन्ही ठिकाणांत अंतर थोड्याच मैलांचे. शिवाय १९३६ सालीच अमेरिकेत व्हिक्टर ग्रीन या काळ्या टपालवाल्याने एक पुस्तिका छापायला सुरुवात केली. काळ्या प्रवाशाला कोणत्या हॉटेलात खोली मिळेल, कुठे जेवता येईल, याची ती यादी होती. कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले होते. तेव्हा अशी यादी छापायची ठरवली असती तर आपल्याकडे पाने कोरीच राहिली असती.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. जो देश अ‍ॅबीला ताजच्या मंचावर टाळ्या देत होता, तोच देश आपल्या अस्पृश्याला चहाची कपबशी वेगळी ठेवीत होता. बाहेरून आलेल्या काळ्याला इथे जात नव्हती. परदेशी गोष्टीला सोवळे-ओवळे चटकन लागू होत नाही. वाद्यांचेही तसेच आहे. आपल्याकडे वाद्यांना जात आहे. सनई तोंडाने फुंकायची म्हणून उष्टी, ढोल-हलगी चामड्याची म्हणून विटाळाची, असे आपल्याला सांगितले गेले. मग पखवाजाला काय लाकडाची पाने असतात? त्यावरही चामडेच. पण ते देवळात कीर्तनकाराच्या मागे जाऊन बसले की शुद्ध होते. व्हायोलिनची गंमत याहून मोठी. त्या काळी त्याच्या तारा बहुधा मेंढीच्या आतड्याच्या असत आणि गजाला घोड्याच्या शेपटीचे केस. आतडे आणि शेपूट! तरी हे वाद्य पेशव्यांच्या पुण्यातल्या वाड्यांतूनही पुढे बिनबोभाट वाजले, कारण ते साहेबाकडून आले होते. विटाळ चामड्याला नव्हता. तो हाताला होता.

अ‍ॅबी दोन हिवाळे मुंबईत येऊन वाजवून गेला. त्याचे काही सहकारी मात्र इथेच रमले. क्रिकेट स्मिथने ताजमध्ये स्वतःचा वाद्यवृंद उभा केला आणि १९३६ साली मुंबईतच त्याच्या काही ध्वनिमुद्रिका निघाल्या. पियानोवादक टेडी वेदरफर्ड या गोतावळ्यात येऊन मिळाला. पुढे तो कलकत्त्याला गेला आणि एप्रिल १९४५ मध्ये कॉलऱ्याने तिथेच वारला. या माणसांच्या हाताखाली आणि शेजारी बसून गोव्याचे तरुण वादक जाझ शिकले. त्यांना स्वरलिपी येत होती, कारण गोव्याच्या गावोगावच्या चर्चशाळांत मुलांना व्हायोलिन आणि गायन शिकवले जाई. (त्या चर्चमध्येही कोनफ्रारिया जातवार होत्या हे विसरू नये, धर्म बदलला म्हणून जात आपोआप जात नाही, हे कोकणपट्टीत कोणाला सांगायला नको.) कुडचडेचा फ्रँक फर्नांड, हळदोणेचा चिक चॉकलेट ही त्यांतली नावे. चिक चॉकलेटचा ट्रंपेट पुढे सी. रामचंद्रांच्या संगीतात, १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटात, घराघरात पोचला. गिरणगावच्या गणपतीपुढे ब्रास बँडने ती गाणी वाजवली आणि आमच्या आजोबांसारखी माणसे त्यावर नाचली. हार्लेमचा ठोका रत्नागिरीच्या माणसाच्या पायात असा फिरून फिरून आला. तो कोणाचा ठोका, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

अ‍ॅबीचा पुढचा प्रवास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. १९३९ साली युद्धाचे ढग जमले तसा तो अमेरिकेला परतला. शिकागोत तीन जणांचा छोटा संच घेऊन त्याने अनेक वर्षे वाजवले, १९६४ साली वाजवणे थांबवले आणि १५ सप्टेंबर १९७५ रोजी तिथेच देह ठेवला. जाझच्या इतिहासात त्याच्या वाट्याला दोन-चार ओळी येतात. तो फार मोठा वादक होता असा माझा दावा नाही. त्याच्याहून श्रेष्ठ व्हायोलिनवादक जाझमध्ये होऊन गेले. स्टफ स्मिथने तर १९३६ च्या सुमारास व्हायोलिनला वीज जोडून ते ट्रंपेटच्या बरोबरीने ओरडायला लावले.

पण श्रेष्ठत्वाचाच विचार करायचा तर एडी साउथकडे पाहावे लागते, आणि ती हकीकत मनाला लागते. १९०४ साली जन्मलेला हा मुलगा शिकागोत वाढला. लहानपणीच त्याचा हात असा की गुरुजनांना तो मोठ्या मैफलींचा वादक होणार याची खात्री वाटे. त्याने रीतसर पाश्चात्त्य अभिजात संगीत शिकून घेतले. पण अमेरिकेतल्या अभिजात वाद्यवृंदांत काळ्या माणसाला खुर्ची नव्हती. प्रश्न गुणांचा नव्हता, खुर्चीचा होता. म्हणून तो जाझकडे वळला. युरोपात जाऊन बुडापेस्टला पुन्हा शिकला. १९३७ साली पॅरिसमध्ये त्याने स्टेफान ग्रापेली आणि गिटारवादक जँगो राइनहार्ट यांच्यासह बाखच्या दोन व्हायोलिनांसाठीच्या रचनेचा एक भाग ध्वनिमुद्रित केला. जँगो हा रोमा, म्हणजे युरोपातल्या भटक्या जमातीतला. एक काळा, एक भटका आणि एक गोरा, तिघे मिळून जर्मन चर्चवाल्याची रचना आपल्या लयीत वाजवतात! ज्या मैफलीने साउथला दार उघडले नाही, तिचेच संगीत त्याने मागच्या अंगणात आणून झुलवले. १९६२ साली तो वारला. जाझमध्ये काळ्यांना लय जन्मजात असते असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते 'तुमच्यात कला उपजतच असते' असे आपल्याला सांगणाऱ्यांसारखेच वाटतात. उपजत म्हटले की शिकवण्याची, शिष्यवृत्तीची आणि खुर्चीची जबाबदारी संपते.

व्हायोलिनची आणखी एक आठवण आपल्या घरची आहे. बाबासाहेबांनी उत्तर आयुष्यात व्हायोलिन शिकायला घेतले होते. बळवंत साठे हे त्यांचे शिक्षक. राज्यघटनेचे ओझे वाहिलेला, मधुमेहाने शिणलेला तो माणूस गज कसा धरावा, बोट कुठे ठेवावे, हे विद्यार्थी होऊन शिकत होता. ते व्हायोलिन पुण्यात सिंबायोसिसच्या डॉ. आंबेडकर संग्रहालयात ठेवलेले आहे. एम. ए. करीत असताना मी ते काचेबाहेरून पाहिले. पेटी लहान वाटते. तेव्हा मला त्याचे विशेष वाटले नव्हते. ग्रंथ पाहण्याची घाई होती. आता वाटते की गावकीने आपल्यावर जी वाद्ये लादली होती, त्यांच्या पलीकडचे वाद्य त्यांनी निवडले, आणि ते कोणाच्याही पालखीपुढे, कोणाच्याही नाचासाठी वाजवायचे नव्हते. ते स्वतःसाठी होते. वेठ आणि संगीत यांच्यातला फरक वाद्यात नाही, तो 'नाही' म्हणण्याच्या हक्कात आहे, असे मला अ‍ॅबी वाचताना वाटले. पणजोबांनी तो हक्क एकदाच वापरला, तो सनई खाली ठेवून. त्यांच्याजवळ दुसरा मार्ग नव्हता. अमेरिकेतल्या काळ्यांनी फिडल खाली ठेवली तीही काही अंशी याच कारणाने, असे मला वाटते. मालकाच्या नाचाचा वास तिला होता. अ‍ॅबीने आणि साउथने ती पुन्हा उचलली तेव्हा मोबदला ठरवून, नाव लावून, मधोमध उभे राहून उचलली.

हे सगळे मी त्या मुलाच्या वडिलांना सांगितले. एका बैठकीत नव्हे. ते दोनदा आले, एकदा मी त्यांच्या घरी गेलो. त्यांना जाझशी कर्तव्य नव्हते. त्यांनी एकच विचारले, "तो माणूस उभ्यानं वाजवायचा की बसून?"

"उभ्यानं," मी म्हणालो. "पण बाकीचे त्याच्या इशाऱ्यावर वाजवायचे."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी अटी सांगितल्या. मुलगा मंचावर खुर्चीवर बसून वाजवील. डोक्याला फेटा बांधणार नाही, कमरेला शेला नाही. पांढरा सदरा घालील. नाव पुकारताना आडनावासकट पुकारायचे. आणि गावच्या पालखीपुढे ती सनई जाणार नाही, हे मुलाने आजीपुढे सांगायचे. शेवटची अट मुलाला थोडी जड गेली, कारण त्याचे वर्गमित्र पालखीत नाचतात. त्यावर घरात वाद झाला असे त्याने मला सांगितले. तो अजून मिटलेला नाही.

सनई माळ्यावरून खाली आली. लाकूड शाबूत होते, पत्ती मात्र हात लावताच तुटली. देवरुखकडे एक म्हातारे सनईवाले अजून पत्ती करून देतात असे कोणी तरी सांगितले. मुलाची परीक्षा होती, म्हणून ती आणायला वडील स्वतः पहिल्या एस. टी.ने गेले.